कापलेला जादा कर परत मिळवताना

दापोडीच्या सँडविक एशिया कंपनीचे प्रकरण पुण्यातल्या जुन्या सीएंना तोंडपाठ असते. कंपनीने जादा भरलेल्या कराचा परतावा निघत होता. त्यावरचे व्याज खात्याने वर्षानुवर्षे रखडवले. दिरंगाई बारा ते सतरा वर्षांची होती. कंपनीने या दिरंगाईबद्दलही व्याज मागितले. मुंबई उच्च न्यायालयात ती हरली, पण सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ जानेवारी २००६ रोजी जिंकली. रखडलेल्या ४०,८४,९०६ रुपयांवर दरसाल ९ टक्के व्याज द्या, महिन्याच्या आत दिले नाही तर १५ टक्के, असा आदेश झाला. खात्याच्या बेपर्वाईवर न्यायालयाने कडक ताशेरेही ओढले.

वाद टीडीएसचा नव्हता, आगाऊ कराचा होता. तरीही जादा कापलेला टीडीएस परत मागणारा प्रत्येक जण या निकालाचा हवाला देतो. तिथेच सावध व्हायला हवे. २०१३ साली गुजरात फ्लोरो केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितले की सँडविकचा निकाल त्या प्रकरणातल्या असाधारण दिरंगाईपुरता होता. परताव्यावर कायद्यात लिहिले आहे तेवढेच व्याज मिळेल, व्याजावर व्याज मागता येणार नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते जुन्या मोठ्या निकालांच्या भरवशावर नाही. आज हातात कोणते अर्ज आहेत, त्यांच्या मुदती काय आहेत आणि न्यायालयाचे दार नेमके कधी ठोठावायचे, एवढ्यावरच हा लेख आहे.

कलमे १९६१ च्या आयकर कायद्याची दिली आहेत. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. पण आज अडकलेले परतावे जुन्या वर्षांचे आहेत आणि ते जुन्या कायद्यानेच चालतात.

पैसा कुणाचा, हे आधी ठरवा

टीडीएसच्या व्यवहारात दोन पक्ष असतात. एकाने बिलातून कर कापला आणि सरकारात भरला. दुसऱ्याच्या उत्पन्नातून तो कापला गेला. जादा कापलेला कर सामान्यतः दुसऱ्याचा असतो. त्याने विवरणपत्र भरायचे, त्यात टीडीएसची वजावट घ्यायची आणि उरलेली रक्कम परत मागायची. कापणाऱ्याला परतावा मिळतो तो वेगळ्याच परिस्थितीत: चलन दोनदा भरले, कापला त्यापेक्षा जास्त रकमेचे चलन गेले, किंवा कर कापायचाच नव्हता आणि तो स्वतःच्या खिशातून भरला. पुण्यात कितीतरी अर्ज चुकीच्या पक्षाने केले म्हणून वर्षभर पडून राहतात आणि शेवटी फेटाळले जातात. तोवर खऱ्या पक्षाची मुदत निघून गेलेली असते.

ज्याचा कर कापला गेला त्याचे दुखणे किती मोठे असते, हे एका हिशेबावरून पाहा. एखाद्या सल्लागार कंपनीची वर्षाची बिले २ कोटींची आहेत. कलम १९४जे खाली ग्राहकांनी १० टक्के, म्हणजे २० लाख कापले. पगार, भाडे, प्रवास जाऊन नफा उरला तोही २० लाख. कलम ११५बीएए निवडलेल्या कंपनीला त्यावर सुमारे २५.१७ टक्के, म्हणजे ५ लाखांच्या आसपास कर बसतो. उरलेले जवळजवळ १५ लाख सरकारकडे अडकतात, आणि तेवढ्यासाठी कंपनी बँकेत कॅश क्रेडिटवर व्याज भरते. बाणेर-बालेवाडीतल्या छोट्या सॉफ्टवेअर सल्लागारांची, हिंजवडीला माणसे पुरवणाऱ्या एजन्सींची हीच रड आहे. परताव्यावर व्याज मिळते ते महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला ६ टक्के. बँकेला त्याहून बरेच जास्त द्यावे लागते.

हे व्याजही आपोआप पूर्ण मिळत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर कलम २४४ए खाली व्याज आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात. उशिरा भरले तर भरल्याच्या तारखेपासून. परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याजच नाही. तुमच्यामुळे झालेला उशीर वजा होतो. आणि मिळालेले व्याज त्या वर्षीचे उत्पन्न धरून त्यावर कर भरायचा असतो. ही नोंद अनेक जण विसरतात आणि पुढच्या वर्षी नोटीस येते.

परतावा अडतो कुठे

बहुतेक वेळा अडचण २६एएस मध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या करनोंदींच्या विवरणात असते. ग्राहकाने कर कापला, पण त्याच्या टीडीएस विवरणपत्रात तुमचा पॅन चुकवला, रक्कम चुकवली किंवा तिमाहीच चुकवली. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राचे (सीपीसी) संगणक २६एएस मध्ये जे दिसते तेवढेच धरतात. तुमच्याकडे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र असले तरी १४३(१) च्या सूचनेत वजावट कमी दिसते आणि परताव्याऐवजी डिमांड येते.

अशा वेळी खात्याला पत्र लिहिण्याआधी ग्राहकाकडे जा. दुरुस्ती विवरणपत्र तोच भरू शकतो. पूर्वी त्याला वेळेचे बंधन नव्हते. आता सहा वर्षांची मर्यादा आली आहे आणि नव्या कायद्यात ती दोन वर्षांवर आली आहे. त्यामुळे प्रत्येक तिमाहीला २६एएस उघडून आपल्या खातेवहीशी ताडून पाहणे हे आता हिशेबनीसाचे ठरलेले काम असले पाहिजे. वर्षअखेरीला पाहू म्हणणाऱ्यांना चाकण-भोसरीच्या मोठ्या कारखान्यांतल्या अकाउंट्स विभागामागे महिनोन्महिने फिरावे लागते. तिथला माणूस बदललेला असतो आणि नव्या माणसाला जुन्या बिलाशी देणेघेणे नसते.

वर्षांचा मेळ न बसणे हा दुसरा प्रकार. तुम्ही मार्चमध्ये बिल लावले, उत्पन्न त्याच वर्षी दाखवले; ग्राहकाने कर कापला पुढच्या वर्षी. नियम ३७बीए सांगतो की ज्या वर्षी उत्पन्न करपात्र, त्या वर्षी वजावट. विवरणपत्र आधीच गेले असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून फॉर्म ७१ ची सोय आहे. कर कापला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांत हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. ही सोय चांगली आहे, आणि अजून पुष्कळ कंपन्यांना ती ठाऊक नाही.

तिसरा प्रकार सर्वांत क्लेशदायक. ग्राहकाने बिलातून कर कापला आणि सरकारात भरलाच नाही. कलम २०५ स्पष्ट सांगते की ज्याच्याकडून कर कापला गेला त्याच्याकडे तोच कर पुन्हा मागायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका नोकरदाराच्या प्रकरणात याच कलमाच्या आधारे वसुली रोखली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही (सीबीडीटी) २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना लेखी बजावले की अशा डिमांडची सक्तीने वसुली करू नये. मात्र वसुली थांबणे आणि रोख परतावा मिळणे यांत अंतर आहे. सरकारकडे न आलेला पैसा परत मागणे फार जड जाते. तेव्हा बँकेच्या नोंदी, बिल, कपात दाखवणारे पेमेंट ॲडव्हाइस आणि १६ए प्रमाणपत्र हाताशी ठेवा आणि ग्राहकाविरुद्ध टीडीएस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीचा पुढे काही उपयोग होत नाही.

वजावट कमी मिळाली की कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. आदेश झाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांत तो करता येतो, आणि खात्याने अर्ज मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. ही सहा महिन्यांची तारीख डायरीत लिहून ठेवा. पुढे उच्च न्यायालयात तीच तुमच्या कामी येते. मुद्दा निव्वळ नजरचुकीचा नसून वादाचा असेल तर ३० दिवसांत अपील करायला हवे. दुरुस्तीच्या आशेवर अपिलाची मुदत घालवणे ही नेहमी दिसणारी आणि फार महागात पडणारी चूक आहे.

अपिलात जिंकल्यावरही काम संपत नाही. आयुक्त (अपील) किंवा आयकर अपील न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाचा निकाल हाती आला की अधिकाऱ्याने तो अमलात आणणारा आदेश काढायचा असतो. कलम १५३(५) त्याला तीन महिने देते. मोजणी आदेश खात्याला पोचला त्या महिन्याच्या अखेरीपासून. ती मुदत उलटली तर कलम २४४ए(१ए) खाली वर्षाला ३ टक्के जादा व्याज लागू होते. हे मागावे लागू नये, पण मागा. आणखी एक: खाते जुन्या डिमांडसमोर परतावा वळवते. कलम २४५ खाली त्याआधी तुम्हाला सूचना आली पाहिजे आणि तुमचे म्हणणे ऐकले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये स्वतःहून दखल घेऊन यावर सविस्तर आदेश दिले होते. पोर्टलवरची सूचना न वाचता सोडून दिली तर मात्र पुढे दाद मागताना तोंड उघडायला जागा राहत नाही.

परदेशी पेमेंट आणि पुण्याचे अनुभव

चाकण, रांजणगाव, पिंपरीत जर्मन, जपानी, स्वीडिश कंपन्यांच्या उपकंपन्या दाट आहेत. त्या मूळ कंपनीला रॉयल्टी किंवा तांत्रिक सेवेचे शुल्क पाठवतात. देशी कायद्यातला दर १ एप्रिल २०२३ पासून २० टक्के झाला, वर अधिभार-उपकर. जर्मनी आणि जपानशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत तो १० टक्के आहे. मूळ कंपनीचे रहिवास प्रमाणपत्र आणि फॉर्म १०एफ वेळेत आला नाही की वित्त विभाग घाबरून चढ्या दराने कापतो. मग परतावा मिळवण्यासाठी त्या परदेशी कंपनीला भारतात पॅन काढून विवरणपत्र भरावे लागते. दोन कागद आधी मागवले असते तर हे टळले असते.

पॅनच नसेल तर २० टक्के, असा कलम २०६एए चा दंडक खात्याने करारांनाही लावला होता. तो अमान्य झाला तो पुण्यातच. सीरम इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात २०१५ साली पुणे न्यायाधिकरणाने सांगितले की कराराचा कमी दर असेल तर हे कलम त्याच्यावर मात करू शकत नाही. पुढे २०१६ मध्ये नियम ३७बीसी आला आणि काही माहिती दिली की पॅनशिवायही चालू लागले.

सॉफ्टवेअरची गोष्ट याहून मोठी. परदेशी सॉफ्टवेअर विकत घेताना ती रॉयल्टी धरून वर्षानुवर्षे कर कापला जात होता. २ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग ॲनालिसिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही रॉयल्टी नाही असे ठरवले. ज्यांनी त्याआधीच वाद जिवंत ठेवला होता त्यांना त्याचा फायदा झाला. ज्यांनी गप्प बसून भरले, त्यांच्या मुदती गेल्या होत्या.

कापणाऱ्या कंपनीसाठी सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईच्या टाटा केमिकल्सचा. परदेशी कंपनीला पैसे पाठवताना अधिकाऱ्याने २० टक्के कापायला लावले. अपिलात ठरले की खर्चाच्या भरपाईवर करच नव्हता. रक्कम परत आली, पण व्याज नाकारले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क नसताना ठेवलेल्या पैशावर सरकारला व्याज द्यावेच लागेल, मग मागणारा कर कापणारा का असेना. सीबीडीटीने २०१६ च्या ११ क्रमांकाच्या परिपत्रकात ते मान्य केले. मात्र २०१७ च्या वित्त कायद्याने कलम २४४ए(१बी) घालून व्याजाची सुरुवात बदलली: आता ते मागणीचा अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजतात; परतावा अपिलाच्या आदेशामुळे निघाला असेल तरच कर भरल्याच्या तारखेपासून. अर्जाच्या तारखेची ही अट मला अन्यायाची वाटते, कारण पैसा सरकारकडे आधीपासूनच असतो. पण कायदा तो आहे, म्हणून अर्जाला एक दिवसही उशीर करू नका.

अर्ज कुठला, तेही पाहा. देशांतर्गत कपातीत जादा भरणा झाला असेल तर ट्रेसेस पोर्टलवर फॉर्म २६बी. आधी टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करून चलनातली शिल्लक मोकळी करावी लागते, आणि टॅनवर डिमांड बाकी असेल तर गाडी पुढे सरकत नाही. २०११ च्या २ क्रमांकाच्या परिपत्रकाने यासाठी संबंधित आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांची मुदत ठेवली आहे. परदेशी पेमेंटमध्ये व्यवहाराचा करार रद्द झाला, पैसे गेलेच नाहीत, कर दोनदा भरला किंवा दोन देशांतल्या कर-कराराच्या दरापेक्षा जास्त भरला, तर २००७ चे ७ क्रमांकाचे परिपत्रक लागू होते. तिथेही मुदत दोन वर्षेच. आणि लेखी करारानुसार कर तुम्ही स्वतः सोसला असेल आणि तो लागूच नव्हता असे तुमचे म्हणणे असेल, तर २०२२ पासून कलम २३९ए आहे. त्यात कर भरल्यापासून फक्त ३० दिवस मिळतात. पूर्वीचा कलम २४८ चा अपिलाचा रस्ता अशा नव्या प्रकरणांसाठी बंद झाला आहे. तीस दिवस फार थोडे आहेत. परदेशी रक्कम पाठवण्याआधीच सल्ला घेऊन ठेवा.

न्यायालयात जायचे तर

शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात परताव्याचा दावा लावता येत नाही. कलम २९३ त्याला आडवे येते. रस्ता उच्च न्यायालयाचा, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेचा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपल्याला मुंबईलाच जायचे आहे.

रिट चालते ती दोन प्रसंगी. खात्याने कायद्याने ठरवलेले काम मुदतीत केले नाही: दुरुस्तीचा अर्ज पडून आहे, अपिलाचा निकाल अमलात आणला नाही, ठरलेला परतावा सोडला नाही. किंवा दुसरा कुठलाच अपिलाचा मार्ग नसलेला आदेश चुकीचा आहे, जसे विलंब माफीचा अर्ज फेटाळणे. ज्या मुद्द्यावर अपील करता येते त्यासाठी याचिका केली तर पहिल्याच तारखेला परत पाठवतात.

विलंब माफीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण छोट्या कंपन्यांचे पैसे इथेच बुडतात. विवरणपत्रच राहून गेले आणि २६एएस मध्ये लाखोंचा टीडीएस पडून आहे, असे झाले तर कलम ११९(२)(ब) खाली अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या ११ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज यायला हवा. रक्कम एक कोटीपर्यंत असेल तर प्रधान आयुक्त, तीन कोटींपर्यंत मुख्य आयुक्त आणि त्यापुढे प्रधान मुख्य आयुक्त निर्णय घेतात. शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असे त्यातच म्हटले आहे. अर्जात खरी अडचण दाखवावी लागते. संचालकाचे आजारपण, हिशेबनीसाचे अचानक सोडून जाणे, लेखापरीक्षणातला अडथळा, जे असेल त्याचा कागद जोडा. ‘अनवधानाने राहिले’ या एका वाक्यावर दिलेले अर्ज फेटाळले गेले तर दोष खात्याला देता येत नाही. २०१४ साली आर्टिस्ट ट्री या कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने विलंब माफ केला; परतावा रास्त असेल तर तांत्रिक कारणावरून तो अडवू नये, असा त्या निकालाचा रोख आहे. कारण खरे आणि कागदांनिशी मांडलेले असले की न्यायालय उदारपणे पाहते.

याचिकेआधी खात्याला एक नेमके निवेदन द्या: रक्कम, वर्ष, कोणत्या तारखेला कोणता अर्ज केला, पावतीचा क्रमांक, कायद्यातली मुदत कधी संपली. पोर्टलवरची तक्रारही नोंदवा. एवढे केल्यावर वाजवी काळ थांबा, पण वर्षे घालवू नका. उशिरा आलेल्याला न्यायालय उशिराचे कारण विचारते. याचिकेत तारखांचा तक्ता पहिल्या पानांत ठेवा. जुनी डिमांड बाकी असेल तर ती लपवू नका. सरकारी वकील पहिल्या सुनावणीत ती पुढे ठेवतो आणि तुमच्यावरचा विश्वास जातो.

न्यायालयाकडून काय मिळेल याची कल्पना आधीच असू द्या. न्यायाधीश तुमच्या टीडीएसची बेरीज करून आकडा देत नाहीत. बहुतेकदा अधिकाऱ्याला आदेश होतो: इतक्या आठवड्यांत अर्ज निकाली काढा, किंवा इतक्या दिवसांत व्याजासह रक्कम सोडा. त्यानंतर कागद पुन्हा पुण्यातल्या अधिकाऱ्याच्याच टेबलावर येतो. तेव्हा त्याला चलन, १६ए आणि गणिताचा तक्ता तयार हातात दिलात तर काम होते.

याचिकेची वेळच येऊ नये यासाठी एक अर्ज दरवर्षी करा. ज्या कंपनीचा नफा कमी आणि टीडीएस जास्त, तिने कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून कमी दराचे प्रमाणपत्र घ्यावे. वर्ष सुरू होतानाच अर्ज करा, कारण प्रमाणपत्र मिळेपर्यंत कापलेला कर त्या प्रमाणपत्राने परत येत नाही.

आणि आज एवढे नक्की करा: जुन्या वर्षांच्या २६एएस काढून पाहा. आकारणी वर्ष २०२१-२२ चे विवरणपत्र राहिले असेल आणि त्यात टीडीएस अडकला असेल, तर विलंब माफीचा अर्ज ३१ मार्च २०२७ पर्यंत पोचला पाहिजे. ती तारीख गेली की प्रधान आयुक्तही तो अर्ज हातात घेऊ शकत नाहीत.